टॉवर हॅम्लेट्सची स्कूलबोर्डाची निवडणूक (इ. स. १८८८)

ॲनी बेझंट हें नांव ज्याच्या कानावर गेलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. परंतु तें नांव आपणांस ज्या संबंधानें ठाऊक असतें, तो सारा इ. स. १८९३ च्या नोव्हेंबरांत बाई हिंदुस्थानांत उतरल्यानंतरचा आहे. काशीचें सेंट्रल हिंदु कॉलेज, अड्यार येथील थिऑसफीचें ठाणें, १९१६ ची होमरूलची चळवळ, १९१७ चें कलकत्त्याच्या राष्ट्रसभेचें अध्यक्षपद, एवढ्यांत आपली माहिती संपते. हिंदुस्थानांत पाऊल टाकिलें तेव्हां बाईंचें वय सेहेचाळीस वर्षांचें होतें. मागील आयुष्याचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा प्रस्तावनेपुरता, आणि त्यांतहि पाखंडी मतांचा उल्लेख होऊन विषय मिटतो. त्या मागील आयुष्यांतील एका लहानशा प्रकरणाचा येथें विचार करावयाचा आहे. इ. स. १८८८ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या पूर्व भागांतील टॉवर हॅम्लेट्स या विभागांतून बाई लंडन स्कूलबोर्डाच्या जागेसाठीं उभ्या राहिल्या व निवडून आल्या. प्रकरण एका निवडणुकीचें असलें तरी त्यास एक मूळ आहे, आणि तें मूळ दहा वर्षांपूर्वींच्या एका न्यायालयीन निवाड्यांत आहे. तो निवाडा बाजूस ठेवून निवडणुकीचा आंकडा वाचणें म्हणजे तह न पाहतां फक्त नजराण्याची यादी वाचण्यासारखें होय.

प्रथम स्कूलबोर्ड म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण आपल्याकडे याच नांवाची जी संस्था पुढें झाली ती निराळ्या घडणीची होती. इंग्लंडांत १८७० पर्यंत गरिबांच्या मुलांच्या शाळा म्हणजे मुख्यत्वें धर्मसंस्थांच्या शाळा. सरकार त्यांस अनुदान देई आणि परीक्षक पाठवी. १८७० च्या ऑगस्टांत फॉर्स्टर यांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ज्या ठिकाणीं शाळा अपुऱ्या पडतील तेथें करदात्यांनीं निवडलेलें मंडळ स्थापावें, त्यानें घरपट्टीच्या जोडीस शाळापट्टी घेऊन शाळा बांधाव्या व चालवाव्या, अशी त्यांत तजवीज होती. आठवड्यास नऊ पेन्सांहून अधिक फी घेत नसेल तीच शाळा प्राथमिक समजावयाची. बोर्डाच्या शाळेंत कोणत्याहि एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवावयाची नाहीं असेंहि एक कलम होतें, आणि पुढील तीस वर्षें बहुतेक भांडणें त्या एका कलमाभोंवतीं झालीं.

लंडनचें मंडळ सर्वांत मोठें. शहराचे दहा विभाग पाडून त्यांतून एकोणपन्नास सभासद निवडावयाचे. मॅरिलबोनकडे सात, फिन्सबरीकडे सहा, लॅम्बेथ, टॉवर हॅम्लेट्स, हॅक्नी व वेस्टमिन्स्टर यांकडे पांच पांच, आणि सिटी, सदर्क, चेल्सी व ग्रीनिच यांकडे चार चार. पहिली निवडणूक २९ नोव्हेंबर १८७० रोजीं झाली. सिटी हा जुना भाग सोडून इतरत्र गुप्त चिठ्ठीनें मतें घेतलीं गेलीं. पार्लमेंटच्या निवडणुकीस ही पद्धति लागू होण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. आपल्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे या मंडळाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड लॉरेन्स होते. पंजाबची घडी बसविणारे व १८६४ पासून १८६९ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले ते हेच. राज्य चालवून परतलेला मनुष्य शाळांच्या बांकांचा व फळ्यांचा हिशेब पाहण्यास बसला, यांत त्या काळच्या इंग्लंडांत कोणास कमीपणा वाटला नाहीं.

या कायद्यांतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. एक, उमेदवारास मालमत्तेची अट नव्हती आणि स्त्रियांस मनाई नव्हती. पार्लमेंटसाठीं मत देण्याचा हक्क इंग्रज स्त्रीला १९१८ पर्यंत मिळाला नाहीं. परंतु १८७० च्या पहिल्याच निवडणुकींत एलिझाबेथ गॅरेट मॅरिलबोनमधून व एमिली डेव्हिस ग्रीनिचमधून लंडनच्या मंडळावर बसल्या, आणि तिकडे मँचेस्टरमध्यें लिडिया बेकर निवडून आल्या. म्हणजे स्त्रीस बसतां येतें कीं नाहीं हा प्रश्न पहिल्याच दिवशीं वहिवाटीनें सुटला.

दुसरी गोष्ट मत मोजण्याची. विभागांतून जितके सभासद निवडावयाचे तितकीं मतें प्रत्येक मतदारास असत, आणि तीं सारीं एकाच उमेदवाराच्या पदरांत टाकण्याची मुभा असे. अल्पसंख्य पंथांस आपला एखादा तरी मनुष्य आंत पाठवितां यावा हा त्यांतील हेतु. परिणाम असा कीं, या निवडणुकींतील मतांचा आंकडा आणि मतदारांचा आंकडा या दोन वेगळ्या वस्तु आहेत. गॅरेट यांस ४७,८५८ मतें पडलीं व त्यांच्या मागोमाग त्याच विभागांत निवडून आलेल्या प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ हक्स्ली यांस १३,४९४. हे आंकडे पुष्कळ ठिकाणीं जसेच्या तसे दिलेले आढळतात आणि वाचणाऱ्याचा समज होतो कीं, सत्तेचाळीस हजारांवर माणसें गॅरेटबाईंच्या मागें उभीं राहिलीं. मॅरिलबोनच्या मतदारास सात मतें होतीं. सर्वांनीं सातही मतें बाईंस दिलीं असें धरल्यास मतदार ६,८३७ होतात, आणि प्रत्येकानें एकेकच दिलें असें धरल्यास ४७,८५८ होतात. खरी संख्या या दोहोंच्या दरम्यान कोठें तरी आहे. महजरावरील निशाण्या मोजून गांवची खानेसुमारी करूं नये हा आपला नियम येथेंहि लागू पडतो. बाईंचें यश मोठें खरेंच. फक्त त्याचें माप निराळ्या कांट्यानें घेतलें पाहिजे.

आतां मूळ प्रकरण. ॲनी वुड यांचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ चा, लंडनचा. वडील १८५२ मध्यें वारले. विसावें वर्ष लागल्यावर, १८६७ च्या डिसेंबरांत, फ्रँक बेझंट या पाद्र्याशीं त्यांचें लग्न झालें. १८६९ च्या जानेवारींत डिग्बी हा मुलगा व १८७० च्या ऑगस्टांत मेबेल ही मुलगी झाली. स्कूलबोर्डाचा कायदा व मेबेल यांचा जन्म एकाच महिन्यांतला. नवऱ्यास पुढें लिंकनशायरमधील सिब्सी या गांवची वृत्ति मिळाली. मुलांच्या आजारांत बाईंची श्रद्धा ढळूं लागली, आणि चर्चमधील प्रसाद घेण्याचें त्यांनीं नाकारिलें तेव्हां पाद्र्याच्या घरांत त्यांचें राहणें अशक्य झालें. १८७३ मध्यें नवराबायको विभक्त झालीं.

हें विभक्त होणें म्हणजे सोडचिठ्ठी नव्हे. घटस्फोट झाला नाहीं आणि कायद्याच्या दृष्टीनें बाई विवाहितच राहिल्या. झाला तो एक करारनामा. त्यांत मुलगा बापाकडे व मुलगी आईकडे अशी वांटणी होती. भाऊबंदांच्या वांटणीपत्रांत वाडे व विहिरी वांटलेल्या आपण पाहतों, तशी ही दोन मुलांची वांटणी. त्याच वर्षीं पार्लमेंटानें मुलांच्या ताब्याविषयीं जो कायदा केला त्यानें असल्या करारांस मान्यता दिली, पण एक शेपूट जोडलें: मुलाच्या हिताविरुद्ध असेल तर न्यायालयानें असा करार अमलांत आणूं नये. हें शेपूट पुढें सगळ्या प्रकरणास पुरून उरलें.

१८७४ त बाई चार्ल्स ब्रॅडला यांच्या निधर्मी संस्थेंत शिरल्या व व्याख्यानें देऊं लागल्या. हे ब्रॅडला आपल्याकडे अपरिचित नाहींत. १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेस जे आले होते तेच हे. १८७७ त या दोघांनीं डॉ. चार्ल्स नोल्टन या अमेरिकन वैद्याचें संततिनियमनावरील जुनें पुस्तक पुन्हा छापून सहा पेन्सांस विकावयास काढिलें. उद्देश उघड होता. खटला व्हावा व छापण्याचा हक्क ठरावा. खटला जूनमध्यें लॉर्ड चीफ जस्टिस कॉकबर्न यांजपुढें चालला. बाईंनीं आपली बाजू आपणच मांडली. सहा महिने कैद व दोनशें पौंड दंड अशी शिक्षा झाली, आणि १८७८ च्या फेब्रुवारींत अपिलांत ती रद्द झाली. रद्द होण्याचें कारण असें कीं, आरोपपत्रांत आक्षिप्त शब्द उतरून दिले नव्हते. म्हणजे पुस्तक चांगलें कीं वाईट याचा निकाल लागलाच नाहीं. कारकुनी चुकीनें दोघेहि सुटले.

कैद टळली, पण दुसरा फेरा लगेच आला. त्याच वर्षीं फ्रँक बेझंट यांनीं चॅन्सरी कोर्टांत अर्ज करून मेबेलचा ताबा मागितला. अर्जाचा आशय असा: आई व्याख्यानांतून व लेखांतून नास्तिक मतें पसरविते, अश्लील ठरलेलें पुस्तक तिनें प्रसिद्ध केलें, मुलीला धर्मशिक्षण देत नाहीं. मास्टर ऑफ दि रोल्स सर जॉर्ज जेसेल यांजपुढें बाई पुन्हा स्वतःच उभ्या राहिल्या. मुलीची आबाळ होते असा कोणाचा आरोप नव्हता. आई मायाळू आहे हें प्रतिपक्षासहि नाकारतां आलें नाहीं. परंतु अशा मतांच्या व असलें पुस्तक छापणाऱ्या स्त्रीजवळ मुलगी वाढणें तिच्या हिताचें नाहीं असें न्यायाधीशांनीं ठरविलें. मेबेल तेव्हां आठ वर्षांचीहि झाली नव्हती. १८७९ त अपील कोर्टानें हाच निकाल कायम ठेविला. भेटीची वाट मोकळी राहिली होती; पण प्रत्येक भेटीनंतर मुलांचे हाल होतात असें पाहून मुलें मोठीं होईपर्यंत त्यांस न भेटण्याचें बाईंनीं आपण होऊन ठरविलें.

या निवाड्याविषयीं मत देतांना सांभाळून बोललें पाहिजे. जेसेल दुष्ट होते किंवा पाद्र्यांच्या मुठींत होते असें म्हणण्यास आधार नाहीं. त्या काळच्या इंग्रजी कायद्यांत मुलावर मूळ हक्क बापाचा. आईचा हक्क म्हणजे करारानें किंवा मेहेरबानीनें मिळालेली सूट. ती सूट काढून घेण्यास न्यायाधीशास मोठें कारण लागत नसे. १८८६ च्या कायद्यानें आईच्या हक्कास थोडें बळ आलें, पण बेझंटबाईंस त्याचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. आपल्याकडे त्याच सुमारास, १८८४ पासून १८८८ पर्यंत, दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला मुंबईस गाजत होता. एका ठिकाणीं नवऱ्याचा बायकोवरील हक्क व दुसऱ्या ठिकाणीं बापाचा मुलीवरील हक्क. दोन्हीकडे इंग्रजी न्यायासनच बसलेलें होतें, हें विसरूं नये.

यानंतरचीं दहा वर्षें आम्ही भरभर ओलांडतों. बाई १८८५ त फेबियन संस्थेंत शिरल्या व समाजसत्तावादी झाल्या. १८८८ च्या जूनमध्यें पूर्व लंडनांतील ब्रायंट अँड मे यांच्या आगपेट्यांच्या कारखान्यांतील मुलींची मजुरी, दंड व हाल यांवर त्यांनीं एक लेख लिहिला. जुलैमध्यें तेथील सुमारें चौदाशें मुली व बायका काम सोडून बाहेर पडल्या आणि थोड्याच दिवसांत बहुतेक मागण्या पदरांत पाडून परत गेल्या. हा कारखाना बो भागांतला, म्हणजे टॉवर हॅम्लेट्सच्या हद्दींतला. बाईंची त्या भागाशीं गांठ पडली ती अशी. नोव्हेंबरांत स्कूलबोर्डाची त्रैवार्षिक निवडणूक आली, तेव्हां त्या तेथूनच उभ्या राहिल्या यांत नवल नाहीं.

टॉवर हॅम्लेट्स म्हणजे व्हाइटचॅपेल, स्टेप्नी, माइल एंड, लाइमहाउस, पॉप्लर हा टापू. गोद्यांतील हमाल, शिंपी, रशियांतून पळून आलेले ज्यू, आणि खोली खोलींत एकेक बिऱ्हाड. त्याच शरदऋतूंत व्हाइटचॅपेलमधील खुनांनीं सारें लंडन भयभीत झालें होतें. अशा गल्ल्यांतून एक चाळिशी ओलांडलेली स्त्री केसांस तांबडी फीत बांधून सभांमागून सभा घेत फिरत होती. मागणी सोपी होती. शाळेची फी उठवा. उपाशी पोरांस शाळेंत जेवण द्या. बोर्डाच्या पैशानें धार्मिक शिक्षण नको. आणि बोर्डाचें काम घेणाऱ्या ठेकेदारानें मजुरांस कामगारसंघांनीं मान्य केलेल्या दरानें मजुरी द्यावी. ज्यांस मत आहे त्यांनीं तें द्यावें आणि ज्यांस नाहीं त्यांनीं काम करावें, बोर्डांत स्त्रिया फार थोड्या आहेत, असें बाई सांगत. मत नसलेल्यांत आगपेट्यांच्या कारखान्यांतील मुली होत्या. प्रतिपक्षानें बाईंच्या जुन्या लेखनाचें भांडवल केलें; स्टेप्नीच्या पाद्र्यानें त्यांविरुद्ध हस्तपत्रक वांटिलें, आणि तें प्रकरण पुढें अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेलें. म्हणजे १८७८ सालचा आरोप १८८८ सालीं दारोदार वांटला गेला. मतदारांस बाईंचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता असें म्हणण्याची सोय त्यामुळें उरत नाहीं. हा मुद्दा निर्णायक आहे.

निकाल लागला तेव्हां बाई विभागांत पहिल्या आल्या. मतें १५,२९६. वर सांगितलेला हिशेब येथें करावा. विभागाच्या जागा पांच, म्हणून प्रत्येकास पांच मतें. तेव्हां बाईंच्या मागें कमींत कमी ३,०६० मतदार होते एवढेंच निश्चयानें म्हणतां येईल. समाजसत्तावादी व निधर्मी लोक आपलीं पांचही मतें एकाच ठिकाणीं टाकण्यास विसरले असतील असें वाटत नाहीं. म्हणून खरी संख्या खालच्या टोंकाकडे झुकत असावी असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा. शेजारच्या हॅक्नी विभागांतून त्याच वेळीं फेबियन संस्थेचेच सभासद असलेले पाद्री स्ट्यूअर्ट हेडलॅम निवडून आले. सगळेच पाद्री एका बाजूस होते असा समज त्यावरून तरी दूर व्हावा.

निकालानंतर बाईंनीं आपल्या पक्षाच्या पत्रांत जें लिहिलें त्याचा मतलब असा आहे कीं, दहा वर्षांपूर्वीं क्रूर कायद्यानें माझें लेंकरूं हिरावून नेलें. आज लंडनच्या ७,६३,६८० मुलांची काळजी अंशतः माझ्या हातीं आली आहे. हा आंकडा कोठून घेतला असा प्रश्न आमच्यासारख्या माणसास आधीं सुचतो, हा आमचा दोष. लंडनांतील शाळेच्या वयाच्या मुलांची ती एकंदर संख्या दिसते. त्यांतील पुष्कळ मुलें धर्मसंस्थांच्या शाळांत जात आणि बोर्डाचा त्यांवर अंमल नव्हता. पण बाई येथें हिशेब देत नव्हत्या. उमेदवारीमागील खरा हेतु सांगणारें वाक्य त्यांच्या हातून आलेलें एवढेंच आहे, आणि म्हणून इतर सर्व पुराव्यांहून आम्ही तें मोलाचें समजतों.

येथें एक आक्षेप निघतो त्याचा विचार करूं. बाईंस पालक म्हणावें काय? १८७९ नंतर त्यांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल नव्हतें. कायद्यानें त्या पालक उरल्या नव्हत्या. मुलगा पाद्र्याच्या घरीं, मुलगीहि तेथेंच. लंडनच्या मंडळावर मुलेंबाळें असलेल्या स्त्रिया त्यांच्यापूर्वीं बसल्या होत्या; १८७६ त हॅक्नींतून निवडून आलेल्या फ्लॉरेन्स फेन्विक मिलर यांचें लग्न व मुलें हीं सभासदत्वाच्या काळांतलींच. त्या अर्थानें पालकाची उमेदवारी पाहावयाची तर बेझंटबाईंचें उदाहरण अपुरें वाटेल. आमचें म्हणणें उलट आहे. ज्याचें मूल शाळेंत आहे तो पालक आपल्या मुलासाठीं उभा राहिला असें सहज म्हणतां येतें. येथें मूलच नेलेलें होतें. राज्याच्या एका हातानें एक मुलगी सांभाळण्यास नालायक ठरविलेल्या स्त्रीच्या ओटींत त्याच राज्याच्या दुसऱ्या हातानें सबंध शहराचीं मुलें घातलीं, आणि दोन्ही कृत्यें कायद्यास धरून होतीं. न्यायाधीशानें मुलीचें हित पाहिलें तें कायद्याच्या पुस्तकांत. स्टेप्नीच्या व बोच्या करदात्यांनीं आपल्या मुलांचें हित कशांत पाहिलें हें १५,२९६ या आंकड्यांत आहे, मग त्यामागें माणसें तीन हजार असोत कीं दहा.

यावरून इंग्रजी कायदा उदार होता असा निष्कर्ष कोणी काढूं नये. दोन महिन्यांनीं, १८८९ च्या जानेवारींत, लंडनच्या नव्या कौंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. बो व ब्रॉम्ली या भागांतून, म्हणजे याच पूर्व लंडनांतून, जेन कॉब्डेन निवडून आल्या आणि ब्रिक्स्टनमधून लेडी सँडहर्स्ट. लेडी सँडहर्स्ट यांच्या प्रतिस्पर्ध्यानें न्यायालयाचें दार ठोठावलें आणि स्त्रीस कौन्सिलर होतां येत नाहीं असा निकाल मिळवून जागा घेतली. स्कूलबोर्डांत जें वहिवाटीनें चालत होतें तें कौन्सिलांत पहिल्याच धडकेस मोडलें. तेव्हां बेझंटबाईंच्या निवडीचें श्रेय मतदारांस द्यावयाचें तें द्यावें. कायद्यास देण्याजोगें त्यांत थोडेंच आहे. आणि लोकमताच्या उदारपणाचेंहि फार कौतुक नको. त्याच १८८८ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं एडिंबरो येथील भाषणांत दादाभाई नौरोजींचा उल्लेख काळा मनुष्य असा करून इंग्रज मतदार अशास निवडणार नाहीं असें सुचविलें होतें.

बाई मंडळावर तीन वर्षें होत्या. अध्यक्ष रेव्हरंड डिगल यांच्या पक्षाचें बहुमत होतें, म्हणून त्यांस एकटीच्या बळावर कांहीं करून घेतां आलें असें मानणें भाबडेपणाचें होईल. तरी १८८९ मध्यें ठेकेदारांच्या मजुरीविषयींचें धोरण बोर्डानें स्वीकारिलें. त्याच वर्षीं शाळकरी मुलांच्या जेवणासाठीं झटणाऱ्या निरनिराळ्या मंडळ्यांची एक संस्था झाली. १८९१ त पार्लमेंटानें दर मुलामागें वार्षिक दहा शिलिंगांचें अनुदान देऊन बहुतेक प्राथमिक शाळांची फी उठविली. आणि शाळेंतील जेवणाचा कायदा १९०६ त झाला. यांपैकीं कशाचा किती भाग बाईंचा हें वेगळें काढणें दुधांतून पाणी काढण्यासारखें आहे. जाहीरनाम्यांतील मागण्या व पुढील कायदे यांची जुळणी मात्र डोळ्यांत भरते.

१८८९ च्या मे महिन्यांत बाई थिऑसफीच्या पंथांत शिरल्या. १८९१ त मुदत संपली तेव्हां त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहींत. त्याच वर्षीं मेबेल एकवीस वर्षांची झाली. मुलगा व मुलगी दोघेंहि स्वतंत्र होतांच आपण होऊन आईकडे आलीं, असें बाईंनीं १८९३ च्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. लंडन स्कूलबोर्ड स्वतः १९०४ त बंद झालें.

जातां जातां आपल्या इकडच्या स्कूलबोर्डांविषयीं. १९२३ च्या मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें नगरपालिका व जिल्हा लोकलबोर्डें यांच्या हाताखालीं स्कूलबोर्डें झालीं. नांव तेंच, पण सभासद निवडावयाचे ते नगरपालिकेनें किंवा लोकलबोर्डानें. करदात्यानें शाळेसाठीं म्हणून वेगळी चिठ्ठी टाकण्याची सोय त्यांत नव्हती. पालकास पालक म्हणून जागा मिळाली ती २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें; शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या असें त्यांत आहे. मधल्या शतकभरांत शाळांच्या संबंधानें जीं भांडणें, अर्ज, हस्तपत्रकें व सभेच्या नोटिसा निघाल्या असतील त्यांचा संग्रह कोणी केल्याचें आढळत नाहीं. पेशवाईंतील चिटोरें दिसलें तर आपण तें कापडास चिकटवून ठेवितों, आणि नगरपालिकेच्या निवडणुकीचें हस्तपत्रक रद्दीवाल्यास देतों. स्टेप्नीच्या पाद्र्याचें पत्रक त्याच्या मतदारांनींहि चुलींतच घातलें असेल. परंतु त्यावर दावा झाला म्हणून त्याची आठवण तरी राहिली.

बाईंचें नांव कायद्याच्या निवाड्यांत आणखी एकदां येतें. मद्रासेकडील नारायणय्या या गृहस्थांनीं आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ति व नित्यानंद, यांचें पालकत्व लेखी करारानें बाईंकडे दिलें होतें, आणि पुढें तें परत मागितलें. १९१३ त मद्रास हायकोर्टानें मुलें बापास परत करण्याचा हुकूम दिला. बापाच्या हक्कापुढें करारनामा टिकला नाहीं. १८७८ त जें घडलें तेंच पुन्हा घडलें. बाई प्रिव्ही कौन्सिलांत गेल्या. १९१४ त प्रिव्ही कौन्सिलानें हुकूम फिरविला, आणि मुलांची स्वतःची इच्छा काय हें खालच्या कोर्टांनीं पाहिलें नाहीं हा एक दोष दाखविला. मुलें त्या वेळीं इंग्लंडांतच होतीं.